एकाच गाण्याची पाच रूपे: नृत्यसंगीतातली नवी प्रकाशने कशी वाचावीत

शुक्रवारी सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये इअरफोन कानात घालून नव्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांची यादी उघडणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. एकाच नावाचे गाणे चार-पाच वेळा दिसते. एकापुढे ‘ओरिजिनल मिक्स’, दुसऱ्यापुढे ‘एक्स्टेंडेड मिक्स’, तिसऱ्यापुढे ‘रेडिओ एडिट’ असे लिहिलेले असते आणि उरलेल्या दोहोंपुढे कुणा तिसऱ्याच कलाकाराचे नाव आणि ‘रीमिक्स’ हा शब्द असतो. वरवर पाहता कंपनीने एकच माल पाच वेष्टनांत विकायला काढला आहे असे वाटते, आणि कधीकधी ते खरेही असते. बहुतेक वेळा मात्र त्यामागे व्यवहाराचे साधे कारण असते: हे संगीत दोन अगदी निराळ्या गिऱ्हाइकांसाठी बनते. एक गिऱ्हाईक म्हणजे डीजे, जो हे गाणे दुसऱ्या गाण्यात मिसळणार आहे. दुसरे म्हणजे फोनवरचा श्रोता, ज्याचा अंगठा कोणत्याही क्षणी पुढच्या गाण्याकडे वळणार आहे. गाण्याची लांबी, त्याची सुरुवात, आवाजाची पातळी आणि बाजारात येण्याचा दिवससुद्धा या दोघांच्या ओढाताणीतून ठरतो.

आधी डीजेकडे पाहू, कारण त्याचे काम समजले की ‘एक्स्टेंडेड मिक्स’ आपोआप समजतो. क्लब संगीताचा बराचसा भाग चार मात्रांच्या आवर्तनावर उभा असतो आणि या आवर्तनाला निर्माते ‘बार’ म्हणतात. हाउस आणि टेक्नो या क्लब संगीताच्या प्रकारांत चारही मात्रांवर किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा, ठोका पडतो. आठ, सोळा किंवा बत्तीस बार पूर्ण झाले की रचनेत काहीतरी बदलते, म्हणजे एखादे वाद्य आत येते, टाळी थांबते किंवा बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, सुरू होतो. तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसाला सम कधी येणार हे जसे न मोजता कळते, तसे डीजेला हे टप्पे कळावे लागतात, कारण दोन गाणी मिसळताना नुसती लय जुळून भागत नाही. एकाचा टप्पा सुरू होताना दुसऱ्याचाही टप्पाच सुरू व्हावा लागतो.

लय मोजतात ती मिनिटाला किती मात्रा पडतात यावर. त्या आकड्याला ‘बीपीएम’ म्हणतात. १२८ बीपीएमच्या गाण्यात १६ बार म्हणजे ६४ मात्रा, आणि ६४ मात्रांना लागतात बरोबर ३० सेकंद. म्हणजे ३२ बारांना एक मिनिट. साडेपाच मिनिटांच्या एक्स्टेंडेड मिक्समध्ये १७६ बार असतात आणि त्यातले सुरुवातीचे ३२ व शेवटचे ३२ बार जवळपास मोकळे ठेवलेले असतात: नुसता किक, हाय-हॅट म्हणजे छोट्या झांजांचा आवाज, एखादी टाळी. घरी ऐकणाऱ्याला ही मिनिटे रिकामी वाटतात. डीजेला मात्र त्या मिनिटांखेरीज गाणे वापरताच येत नाही, कारण आधीच्या गाण्याची धून आणि नव्या गाण्याची धून एकमेकींवर चढल्या तर नुसता कल्लोळ होतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर महागड्या क्लबचे तिकीट काढण्याची गरज नाही. घणसोली, कोपरखैरणे किंवा दिव्याच्या गावठाणात हळदीच्या रात्री डीजेच्या टेबलामागे पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरते. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रंगीत पट्टे एकाखाली एक सरकत असतात. त्यात किकचा प्रत्येक ठोका जाड दातासारखा दिसतो, जिथे ठोका थांबून नुसते सूर उरतात तिथे पट्टा बारीक होतो, आणि डीजेने आधीच लावून ठेवलेल्या रंगीत खुणा पट्ट्यावर उभ्या असतात. त्याच्या एका कानावर हेडफोन असतो, दुसरा कान बाहेरच्या आवाजासाठी मोकळा असतो. दुसरे गाणे सुरू करताना तो त्याच्या बेसचे बटण पूर्ण खाली फिरवून ठेवतो, म्हणजे आत फक्त टाळ्या आणि हाय-हॅट येतात. मग टप्पा बदलण्याच्या नेमक्या क्षणी पहिल्याचा बेस खाली आणि दुसऱ्याचा वर, अशी दोन्ही हातांनी अदलाबदल करतो. नाचणाऱ्यांना गाणे बदलल्याचे कळते ते पुढे दहा-पंधरा सेकंदांनी, नवी धून कानावर आल्यावर. दोन बेस एकाच वेळी चालू ठेवण्याची चूक नवखा डीजे करतो, आणि मग मंडपातला आवाज चिखलासारखा होतो.

ही लांब आवृत्ती संगणकाच्या काळात जन्मलेली नाही. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये डीजेंना सात इंची तबकडीवरची तीन-चार मिनिटांची गाणी अपुरी पडू लागली, तेव्हा टॉम मोल्टन, वॉल्टर गिबन्स यांच्यासारख्यांनी ती ताणून, मधल्या तालाच्या तुकड्याला जास्त जागा देऊन नव्याने मांडली. १९७६ साली सॅल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचे, गिबन्सने मिक्स केलेले गाणे बारा इंची तबकडीवर विक्रीला आणले. बाजारात विकली गेलेली ती पहिली बारा इंची सिंगल मानली जाते. मोठ्या तबकडीचा फायदा निव्वळ लांबीचा नव्हता. खोल बेस कोरायला खाच रुंद लागते, आणि बारा इंचांच्या एका बाजूवर एकच गाणे असले की खाचा मोकळ्या अंतराने कोरता येतात, त्यामुळे आवाज मोठा आणि बेस भरदार येतो. आजच्या ‘एक्स्टेंडेड मिक्स’चे मूळ त्या खाचांत आहे.

आता दुसरे गिऱ्हाईक. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच त्याची एक ‘स्ट्रीम’ धरली जाते. वरचा हिशेब इथे पुन्हा आठवावा: १२८ बीपीएमच्या गाण्यात डीजेसाठी मोकळ्या सोडलेल्या सुरुवातीतले पहिले १६ बारच नेमके ३० सेकंदांचे असतात. म्हणजे डीजेच्या सोयीची सुरुवात फोनवरच्या श्रोत्यापुढे ठेवली, तर त्याने थांबायचे की जायचे हे ठरवण्याचा सगळा वेळ नुसत्या किकच्या ठोक्यांत संपतो. निर्मात्याच्या दृष्टीने याहून तोट्याची गोष्ट नाही. म्हणून फोनसाठीच्या आवृत्तीत गळा, म्हणजे गायकाचा आवाज, पहिल्या काही सेकंदांतच येतो, हळूहळू ताण वाढवणारा ‘बिल्ड-अप’ आखूड होतो, तो ताण सुटून ठोका आणि बेस जोरात येण्याचा क्षण, म्हणजे ‘ड्रॉप’, पहिल्या मिनिटाच्या आत येतो आणि एकूण लांबी अडीच-तीन मिनिटांवर थांबते. ‘रेडिओ एडिट’ हे नाव जुने आहे. आज त्यातला रेडिओ बहुतेकदा नावापुरताच उरला आहे.

पैशाचे गणितही याच बाजूला झुकलेले आहे. स्ट्रीममागे ठरावीक दर नसतो. महिन्याचा जमलेला निधी एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, आणि २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत एक हजारापेक्षा कमी स्ट्रीम झालेल्या ध्वनिमुद्रणाला त्या निधीतला वाटाच मिळत नाही. आपल्या गाण्याच्या पाच आवृत्त्या केल्या आणि ऐकणारे पाचांत विभागले गेले, तर पाचही हजाराच्या खाली राहण्याची शक्यता असते. मोठ्या नावाला याचा फरक पडत नाही. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत रात्री काम करणाऱ्या निर्मात्याला पडतो, आणि म्हणून त्याने फोनसाठी एक आवृत्ती सगळीकडे द्यावी आणि लांब आवृत्ती फक्त डीजे जिथून गाणी विकत घेतात त्या ऑनलाइन दुकानात ठेवावी, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

दोन गिऱ्हाइकांचा सर्वांत अवघड तिढा मात्र लांबीचा नसून आवाजाचा आहे. क्लब संगीताचा प्राण खालच्या पट्टीत असतो. ५० हर्ट्झच्या बेसची एक ध्वनिलहर हवेत जवळपास सात मीटर लांब असते. ती हलवायला मोठ्या व्यासाचे कोन आणि दणकट पेट्या लागतात, ज्यांना आपल्याकडचे साउंडवाले नुसते ‘बेस’ म्हणतात आणि वर ठेवतात त्या पेट्यांना ‘टॉप’. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून हा ५० हर्ट्झ बाहेरच पडत नाही. तरीही फोनवर आपल्याला बेसची चाल ‘ऐकू’ येते, याचे कारण आपल्या मेंदूची एक सवय आहे: १००, १५०, २०० हर्ट्झ असे वरचे स्वरांश एकत्र कानावर आले की त्यांचा समान पाया असलेला ५० हर्ट्झ मेंदू स्वतःच भरून काढतो. निर्माते याचा जाणूनबुजून उपयोग करतात. बेसच्या शुद्ध, गोल आवाजाला किंचित खरखरीत करणारे सॅच्युरेशन लावले की हे वरचे स्वरांश तयार होतात आणि तोच बेस फोनवरही ओळखू येतो. पण हे प्रमाण जास्त झाले तर मोठ्या पेट्यांवर तो बेस कर्कश आणि पातळ वाटतो. म्हणून काही निर्माते क्लबसाठी आणि स्ट्रीमिंगसाठी मास्टरही वेगवेगळा करून घेतात. क्लबच्या मास्टरमध्ये साधारण १०० हर्ट्झच्या खालचा आवाज डावा-उजवा न ठेवता मध्यभागी एकवटला जातो, कारण अनेक ठिकाणी बेसच्या सगळ्या पेट्यांना एकच सिग्नल जातो आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या लहरी उलट-सुलट असल्या तर त्या तिथे एकमेकींना खाऊन टाकतात.

‘मास्टर’ हा शब्द आला आहे, तर थोडे मास्टरिंगविषयी. मिक्सिंगमध्ये गाण्यातल्या वाद्यांचा आपापसांतला तोल ठरतो. मास्टरिंग हा त्यानंतरचा शेवटचा हात, ज्यात तयार झालेल्या एकसंध फाइलची एकूण पातळी, चमक आणि घट्टपणा ठरतो. आवाजाची सरासरी पातळी ‘एलयूएफएस’ या एककात मोजतात. यात शून्य हे टोक असते आणि आकडा जितका उणे, तितका आवाज कमी. स्पॉटिफाय आणि यूट्यूब सुमारे उणे १४ ही पातळी धरतात, ॲपल म्युझिक उणे १६. त्याहून मोठे गाणे आले तर ही व्यासपीठे ते ऐकवताना खाली आणतात. क्लबसाठीची गाणी मात्र सर्रास उणे ८च्या आसपास किंवा त्याहूनही वर नेलेली असतात. ती तशी नेताना लिमिटरने, म्हणजे आवाजाला ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या साधनाने, किकची टोके दाबली जातात, आणि मग स्ट्रीमिंगवर तेच गाणे खाली आणले गेले की मोठेपणा जातो पण दाबलेली टोके परत येत नाहीत. शेजारचे कमी दाबलेले गाणे अधिक जिवंत वाटते. ‘आवाज मोठा म्हणजे गाणे भारी’ हा समज हळदीच्या मंडपात चालून जातो, फोनवर चालत नाही.

प्रकारांच्या नावांवर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. हाउस साधारण १२० ते १२८ बीपीएम, ट्रान्स १३० ते १४०, डबस्टेप १४०, ड्रम अँड बेस १७०-१७५, आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेला अमापियानो ११०-११५, एवढे ध्यानात ठेवले तरी नव्या यादीतले निम्मे कोडे सुटते. डीजेसाठी ही नावे म्हणजे मुळात शोधण्याची सोय आहे.

शुक्रवारच का, याचे उत्तर सोपे आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी असे देशोदेशी वेगवेगळ्या वारी संगीत बाजारात येत असे. एका देशात आलेले गाणे दुसऱ्या देशात चोरून पोहोचे. १० जुलै २०१५पासून ध्वनिमुद्रण उद्योगाने जगभरासाठी शुक्रवार हा एकच दिवस ठरवला. नृत्यसंगीतात मात्र शुक्रवार म्हणजे गोष्टीचा मध्य असतो. लेबल, म्हणजे गाणे प्रकाशित करणारी कंपनी, त्याआधी काही आठवडे निवडक डीजेंना गाणे पाठवते, ते आपापल्या सेटमध्ये, म्हणजे सलग वाजवण्याच्या कार्यक्रमात, वाजवतात, ऐकणाऱ्यांना आवडते पण नाव कुणालाच ठाऊक नसते, आणि सेटच्या यादीत त्या जागी नुसते ‘आयडी’ लिहिलेले राहते. हे कुतूहल पुरेसे तापले की गाणे बाहेर येते. अनेकदा पहिले काही दिवस ते फक्त बीटपोर्टवर मिळते. २००४ साली सुरू झालेले हे खास डीजेंचे दुकान आहे, जिथे गाणे एकेक करून, आकार लहान केलेल्या (एमपी३सारख्या) किंवा पूर्ण दर्जाच्या फाइलच्या रूपात विकत घेता येते. स्ट्रीमिंगवर नंतर. म्हणजे गिऱ्हाइकांचा क्रमही ठरलेला आहे: आधी डीजे, मग फोन.

स्वतः प्रकाशन करणाऱ्याला डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे गाणे स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचा, अर्ज भरावा लागतो, आणि उत्साही निर्मात्याचे पाय इथे जमिनीला लागतात. गाण्याचे नाव एका रकान्यात, आवृत्तीचे नाव दुसऱ्या. रीमिक्स करणाऱ्याचे नाव त्याच्या स्वतंत्र भूमिकेत. संगीतकार आणि गीतकार यांची टोपणनावे चालत नाहीत, पूर्ण खरी नावे लागतात. शिवाय प्रत्येक आवृत्तीला ‘आयएसआरसी’ नावाचा बारा अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. देशासाठी दोन अक्षरे, क्रमांक देणाऱ्या नोंदणीदारासाठी तीन, वर्षासाठी दोन अंक आणि शेवटी पाच अंकांचा अनुक्रम अशी त्याची रचना असते. भारतात याचे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संघटना पाहते. हा क्रमांक रचनेला नसून ध्वनिमुद्रणाला असतो, म्हणून एक्स्टेंडेड मिक्सचा वेगळा आणि एडिटचा वेगळा. आधी एकटे आलेले गाणे पुढे ईपीत, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या संग्रहात, घालताना तोच क्रमांक कायम ठेवला तर जुना ऐकण्याचा आकडा सोबत येतो. नवा क्रमांक घेतला तर मोजणी शून्यापासून.

राहिला रीमिक्सचा प्रश्न, आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात तो सर्वांत जवळचा आहे, कारण आगरी-कोळी हळदीसाठी दर हंगामात नवे रीमिक्स येत असतात आणि मध्येच ‘डीजे अमुक’ असा पुकारा करणारा आवाज त्यांची ओळख बनतो. अनेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांच्या चालीत डुलतो. तो चार मात्रांच्या किकवर बसवायचा तर प्रत्येक किकच्या पोटात दोनाऐवजी तीन समान ठोके बसवावे लागतात. सरळ हाउसचा साचा उचलून त्यावर गळा चिकटवला तर गाणे लंगडते. चांगले रीमिक्स करणारे हे कानाने जाणतात आणि त्यांच्या या कामाची दखल जितकी घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही, असे माझे मत आहे.

कायदा मात्र कानावर चालत नाही. प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, आणि विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. अधिकृत रीमिक्समध्ये लेबल मूळ गाण्याचे ‘स्टेम’, म्हणजे गळा, ढोल, बेस असे सुटे भाग, दुसऱ्या निर्मात्याला देते. त्याला बहुधा ठोक रक्कम मिळते आणि नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क लेबलकडेच राहतो. परवानगीविना केलेल्या रूपाला ‘बूटलेग’ म्हणतात. आता तयार फाइलमधून गळा वेगळा काढणारे सॉफ्टवेअर कुणाच्याही लॅपटॉपवर चालते, त्यामुळे बूटलेग करणे फार सोपे झाले आहे. ते कायदेशीर मात्र झालेले नाही. कव्हर ही तिसरी गोष्ट. त्यात जुने ध्वनिमुद्रण न वापरता गाणे नव्याने गायले-वाजवले जाते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी प्रमाणे पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्यावर, आगाऊ सूचना देऊन आणि किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरून कव्हर करता येते, पण त्यातही मूळ रचनेत मोडतोड करण्याची मुभा नाही. ‘सात सेकंदांपर्यंतचा तुकडा चालतो’ असे स्टुडिओंमध्ये छातीठोकपणे सांगितले जाते. कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. पारंपरिक गाण्याची चाल कुणा एकाची नसते हे खरे, तरी कुणीतरी पैसे घालून केलेले तिचे ध्वनिमुद्रण त्याचेच असते, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ती चाल स्वतः गाऊन घेणे हा सरळ मार्ग आहे, आणि तो फार खर्चिकही नाही.

नव्या यादीत आणखी एक जात असते, ती म्हणजे मुळीच नवी नसलेल्या गाण्यांची. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी रोलंड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही बेस, ताल आणि सुरांची इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले आणि १९८२ साली त्याची तबकडी निघाली. तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे १९८७च्या सुमारास शिकागोत त्याच टीबी-३०३च्या वळवळणाऱ्या आवाजावर ‘ॲसिड हाउस’ उभा राहिला, त्याचा या तबकडीशी काही संबंध नव्हता. पण २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले आणि सत्तरीतल्या सिंगांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. अशा पुनर्प्रकाशनांच्या बाबतीत यादीतली तारीख दिशाभूल करते, कारण ती बहुधा फाइल चढवल्याची असते. पानाच्या तळाशी वर्तुळातल्या पी या अक्षरापुढे एक वर्ष छापलेले असते; ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे वर्ष असते, आणि त्याच्या शेजारी वर्तुळातल्या सी पुढचे वर्ष मुखपृष्ठ व मजकुराच्या हक्काचे. पुनर्प्रकाशन करणारे लेबल नीटनेटके असेल, तर गाणे मुळात कधीचे हे त्या पहिल्या वर्षावरून कळते.